लांबच्या बंदरात नौका अडली तर : वाचकांचे प्रश्न

लांबच्या सफरीवर असलेल्या वाचकांच्या पत्रांत या वेळी मोठ्या दुरुस्तीचे प्रश्न जास्त आहेत. इम्पेलर (पाण्याच्या पंपातले रबरी चाक) किंवा ऑइल बदलण्यासारखी नित्याची कामे यात नाहीत. नौका पाण्याबाहेर काढावी लागेल किंवा पुढचा टप्पा रद्द करावा लागेल, अशी ही कामे आहेत. ओळखीचा मेकॅनिक नाही, भाग मिळत नाहीत आणि चांगल्या हवामानाचे दिवस संपत आलेत, अशा वेळी घाईत केलेली एक गोष्ट मूळ बिघाडापेक्षा भारी पडते. म्हणून कामाचा क्रम जिथे महत्त्वाचा आहे तिथे तो सविस्तर दिला आहे.

प्रश्न : डिझेल इंजिन सुरू होत नव्हते म्हणून बराच वेळ स्टार्टर मारला. शेवटी 'ठक्' असा आवाज होऊन इंजिन अडकले. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली आणि रंग दुधाळ दिसतो. जवळचे वर्कशॉप शिडावर तीन दिवसांच्या अंतरावर आहे. तोवर काय करावे?

स्टार्टरला पुन्हा हात लावू नका. सिलिंडरमध्ये समुद्राचे पाणी शिरले आहे. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे पिस्टन वर येताना अडतो, आणि आणखी जोर लावला की कनेक्टिंग रॉड वाकतो. आज इंजिन वाचण्याची शक्यता चांगली आहे. तीन दिवस तसेच ठेवले तर रिंगा चिकटतील आणि व्हॉल्व्ह गंजतील. वर्कशॉप गाठेपर्यंत थांबू नका, हे काम तिथेच आणि आजच करायचे आहे.

पाणी कुठून आले हे आधी समजून घ्या. स्टार्टर फिरतो तेव्हा समुद्राच्या पाण्याचा पंपही फिरतो आणि पाणी एक्झॉस्टमध्ये फेकतो. इंजिन पेटलेले असेल तर धुराच्या दाबाने ते पाणी बाहेर जाते. ते पेटलेच नाही तर सायलेन्सर भरतो, पाणी मॅनिफोल्डपर्यंत (सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या नळीपर्यंत) चढते आणि उघड्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये उतरते. म्हणून इंजिन पहिल्या दोन-तीन प्रयत्नांत पेटले नाही तर समुद्राच्या पाण्याचा सीकॉक (तळातल्या भोकावरचा नळ) बंद करूनच पुढचे प्रयत्न करावेत, आणि पेटताक्षणी तो उघडावा. दुसरे नेहमीचे कारण म्हणजे मिठाने चोंदलेला अँटी-सायफन व्हॉल्व्ह (पाणी आपोआप ओढले जाऊ नये म्हणून नळीत हवा सोडणारी झडप). त्या वेळी इंजिन बंद असतानाही पाणी आपोआप आत येत राहते. तिसरे कारण एक्झॉस्ट एल्बोचे (धुरात पाणी मिसळते त्या वाकड्या नळीचे) : तो आतून गंजून भोक पडले की पाणी उलट मॅनिफोल्डकडे झिरपते. तिन्ही जागा तपासा. कारण सापडले नाही तर धुऊन-पुसून चालू केलेले इंजिन पुन्हा तसेच भरेल.

आता काम. सीकॉक बंद करा आणि सायलेन्सरचा ड्रेन उघडून पाणी काढा. इंजेक्टर काढण्याआधी त्यांच्या भोवतीची घाण ब्रशने झाडा, प्रत्येकावर सिलिंडरचा क्रमांक लिहा आणि डिझेलच्या नळ्यांची तोंडे स्वच्छ प्लास्टिकने बांधा. ग्लो प्लग असतील तर तेवढेच काढूनही काम होते, आणि ते सोपे जाते. भोकांवर जाड फडके टाका, चेहरा बाजूला ठेवा. क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन त्याच्या फिरण्याच्या दिशेने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. पाणी फडक्यात उसळेल. मध्येच घट्ट अडले तर थांबा. पान्याला पाइप लावून जोर करण्याचा मोह टाळा, कारण अडथळा पाण्याचा नसेल तर तुम्ही काहीतरी मोडाल. फेरे मोकळे झाले की डिझेल बंद करण्याची दोरी ओढून ठेवून स्टार्टरचे तीन-चार सेकंदांचे दोन-तीन झटके द्या.

मग प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइल यांचे मिश्रण दोन-तीन चमचेच ओता आणि पुन्हा हाताने फिरवा. जास्त ओतले तर पाण्याऐवजी तेच पिस्टनला अडवेल. शिवाय सुरू झालेले इंजिन त्या तेलावर बेलगाम धावू शकते.

पुढे क्रँककेस, म्हणजे इंजिनचा ऑइल असलेला खालचा भाग. डिपस्टिकच्या नळीतून हातपंपाने उपसा. पाणी जड असल्याने तळाशी असते आणि आधी तेच येते, त्यामागून दुधाच्या चहासारखे ऑइल. नवे ऑइल आणि नवा फिल्टर घाला, इंजेक्टर बसवा, डिझेलमधली हवा काढा आणि सुरू करा. पाच मिनिटे चालवून गरम असतानाच ऑइल उपसा. दुसऱ्या वेळी वीस मिनिटे चालवा. तिसऱ्या भरणीनंतर रंग स्वच्छ राहिला नाही तर चौथी करा. पहिल्या दोन भरण्यांना महागडे ऑइल नको, पण ग्रेड योग्य हवा. एका भरणीला पाच लिटर लागत असतील तर 15 ते 20 लिटर ऑइल आणि तीन-चार फिल्टर जवळ हवेत. लांबच्या सफरीत एवढा साठा ठेवावाच, असे आमचे मत आहे.

इंजेक्टरखालचे तांब्याचे वॉशर नवे नसतील तर जुने मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवा. तांबे मऊ होते आणि पुन्हा नीट बसते. तापवल्याने धरलेली काजळी घासून काढायला विसरू नका.

हे सगळे करणे खरोखर शक्यच नसेल तर पाणी काढून सिलिंडर ऑइलने भरा, भोके बंद करा आणि वर्कशॉप गाठा. सुरू करण्याआधी ते ऑइल बाहेर काढायचे आहे, असा कागद चावीलाच बांधा. वर्कशॉपमध्ये कॉम्प्रेशन मोजून घ्या. एका सिलिंडरचे माप बाकीच्यांपेक्षा 10 टक्क्यांहून अधिक कमी आले तर वाकलेल्या रॉडचा संशय घ्यावा, मग इंजिन कितीही गोड आवाजात चालत असो.

प्रश्न : डोलकाठीच्या एका वरच्या श्राउडची (डोलकाठीला बाजूने धरणाऱ्या तारदोराची) एक तार तुटली आहे. अजून 600 सागरी मैल जायचे आहे. एकोणीसपैकी अठरा तारा शाबूत असताना काळजी करावी का?

करावी. राहिलेल्या अठरा तारांचे वय तेच आहे आणि त्यांनी पाणीही तितकेच खाल्ले आहे. त्या श्राउडवर भरवसा संपला असे धरा. लगेच नौका वळवून वारा दुसऱ्या बाजूने घ्या, म्हणजे भार चांगल्या बाजूवर जाईल. मग कमी ताणली जाणारी मोकळी हॅलियर्ड (शीड वर ओढायची दोरी) चेनप्लेटला (श्राउड नौकेला जिथे जोडतात त्या पट्टीला) बांधून विंचने ताणा, शीड रीफ करा (गुंडाळून लहान करा) आणि वेग कमी ठेवा.

बदली श्राउडसाठी 1×19 (एकोणीस तारांची) तार आणि हाताने बसवता येणारे शंकूचे टर्मिनल (तारेच्या टोकाचा जोड) सगळ्यात बरे. त्यासाठी दोन पाने, तार कापायची करवत आणि सीलंट पुरते. आपल्या सर्वांत लांब स्टेएवढी (डोलकाठीला धरणाऱ्या तारेएवढी) तार आणि दोन टर्मिनल जवळ असली की कुठलाही स्टे बदलता येतो. 1×19 तार ताठ असते, लहान थिंबलभोवती वळत नाही, त्यामुळे तिला वळवून क्लॅम्प लावण्याच्या भानगडीत पडू नका. तात्पुरत्या कामाला डायनीमाची (मजबूत कृत्रिम धाग्याची) दोरी आणि लॅशिंग (दोरीचे वेढे देऊन बांधणे) चांगले, फक्त ती सावकाश लांबते, म्हणून रोज ताण बघा.

तार बहुधा खालच्या टर्मिनलच्या तोंडाशी तुटते, कारण तिथे खारे पाणी साचते. बाकीच्या प्रत्येक तारेच्या त्या जागेभोवती टिश्यू पेपर फिरवा. कुठे धागा अडकला तर तिथेही तार तुटलेली आहे. दुसऱ्या बाजूची जोडीदार तार सोबतच बदला.

प्रश्न : प्रवाळावर आदळून फायबरच्या तळाला पाण्याखाली साधारण 40×30 सेंटिमीटर भोक पडले. नौका यार्डात (दुरुस्तीच्या आवारात) आहे. इथले कारागीर मासेमारीच्या होड्या पॉलिएस्टर रेझिनने दुरुस्त करतात आणि दोन दिवसांत करून देतो म्हणतात. त्यांच्याकडून करून घ्यावे, की स्वतः इपॉक्सीने करावे?

त्यांचा हात वापरा, पण रेझिन आणि वेळापत्रक तुमचे असू द्या. रोज फायबर घासणाऱ्या माणसाचे ग्राइंडिंग तुमच्यापेक्षा सरस असते. मात्र जुन्या, पूर्ण सुकलेल्या फायबरवर साधे पॉलिएस्टर फारसे घट्ट धरत नाही, इपॉक्सी धरते. पाण्याखालच्या आणि भार घेणाऱ्या जागेसाठी इपॉक्सीच घ्यावे. मिळतच नसेल तर व्हिनिलएस्टर. दोन दिवसांत मात्र हे काम होत नाही. एकटे वाळवणेच आठवडा खाते.

आधी नुकसान किती ते ठरवा. प्लास्टिकच्या हातोडीने भोकाभोवती ठोकत जा. चांगले फायबर खणखणीत वाजते, थर सुटलेली जागा बद्द वाजते. ती सीमा पेन्सिलने आखा. डोळ्यांना दिसणाऱ्या भोकाच्या दुप्पट क्षेत्र निघाले तरी दचकू नका, नेहमीच असे होते. तुमच्या मोजमापातही ही वाढ धरा. आतल्या बाजूने स्ट्रिंगर (लांबीने जाणारे आधार) किंवा बल्कहेड (आडव्या भिंती) तळाला जोडलेले असतील तर त्यांचे सांधेही ठोकून बघा.

सुटलेले सगळे कापून काढा, कोपरे गोल करा. मग बाहेरून उतार घासायचा : जाडीच्या बारा पट. तळ 8 मिलिमीटर जाड असेल तर चहूबाजूंनी साधारण 100 मिलिमीटर. कारागीर इथे हमखास कमी घासतात, कारण चांगले फायबर घासून टाकणे त्यांच्या जिवावर येते. पण नव्या ठिगळाची सारी ताकद या उतारावरच्या चिकटण्यातच असते. उताराची बाहेरची रेषा आखून दाखवा आणि घासणे तिथवर पोहोचेपर्यंत शेजारी उभे राहा.

नंतर गोड्या पाण्याने चार-पाच वेळा धुवा. फायबरमध्ये मीठ राहिले तर ते हवेतला ओलावा ओढत राहते. ताडपत्रीचा आडोसा करून पंखा आणि दिव्याची ऊब द्या. रात्री पारदर्शक प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारही कडांना टेप लावून त्या जागी चिकटवा. सकाळी प्लास्टिकच्या आत दव दिसले तर अजून वाळलेले नाही. दव दिसेनासे होईपर्यंत रेझिनचा डबा उघडू नये.

कापड दोन दिशांच्या धाग्यांचे, टाक्याने शिवलेले बायअ‍ॅक्सियल घ्या, 600 ग्रॅम प्रति चौरस मीटरचे. यार्डातली चॉप्ड स्ट्रँड मॅट (तुकडे केलेल्या काचधाग्यांची चटई) इपॉक्सीबरोबर वापरू नका. तिच्यातला बाइंडर पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत स्टायरीन नसल्याने मॅट कडकच राहते आणि नीट भिजत नाही. 600 ग्रॅमचा एक थर हाताने लावला की साधारण पाऊण मिलिमीटर होतो, म्हणजे 8 मिलिमीटरला अकरा थर. सांगितलेल्या मापाच्या भोकाला उतारासह बाहेरची कड 60×50 सेंटिमीटर होते. तीन चौरस मीटर कापड आणि हार्डनर धरून तीन किलो इपॉक्सी पुरेल, वाया जाणारे त्यात धरले आहे. भोक वाढले तर त्या प्रमाणात वाढवा.

आतल्या बाजूला वाकणारा पातळ पत्रा प्लास्टिक गुंडाळून टेकूने दाबून बसवा. उतार 80 नंबरच्या पॉलिश पेपरने खरखरीत करून पुसून घ्या. आधी नुसते रेझिन ब्रशने चोळा, मग सर्वांत मोठा तुकडा, त्यावर क्रमाने लहान. एका बैठकीत चार-पाच थरांपेक्षा जास्त नको, नाहीतर उष्णता कोंडते, आणि गरम झालेले ठिगळ आतून तडकते.

पॉलिएस्टरची सवय असलेल्या माणसाकडून होणारी सर्वांत मोठी चूक प्रमाणाची. पॉलिएस्टरमध्ये कॅटॅलिस्ट थोडे वाढवले की काम लवकर आवळते. इपॉक्सीत हार्डनर हा मिश्रणाचा मुख्य घटकच आहे, डब्यावरचे प्रमाण चुकले की रेझिन कायमचे मऊ राहते आणि सगळे घासून काढावे लागते. वजनाचे प्रमाण आणि आकारमानाचे प्रमाण वेगळे असते, हेही बघा. लहान वजनकाटा वापरा, आणि मिश्रण एकाच माणसाने करावे. उन्हाळी हवेत स्लो हार्डनर घ्या, कारण तापमान दहा अंशांनी वाढले की हातातला वेळ जवळपास निम्मा होतो. मिसळलेले रेझिन खोल भांड्यात न ठेवता पसरट ट्रेमध्ये ओता.

दुसऱ्या दिवशी पृष्ठभागावर मेणचट साय दिसेल. ती ॲसिटोनने जात नाही. पाणी आणि खरखरीत घासणी यांनी धुवा, मगच पुढचे थर द्या. शेवटी जेलकोट लावण्याचा आग्रह यार्डाकडून होईल, पण पॉलिएस्टरचा जेलकोट इपॉक्सीवर धड सुकत नाही. इपॉक्सी प्रायमरचे पाच-सहा हात आणि त्यावर अँटीफाउलिंग (तळावर शेवाळ-शिंपले धरू न देणारा रंग), एवढे पुरे.

प्रश्न : तीन नॉट (ताशी तीन सागरी मैल) वेगाने कील (तळाखालचे वजनदार पाते) खडकाला लागली. पाणी आत येत नाही, बाहेरून थोडा रंग उडाला आहे. महासागर ओलांडायला निघायचे आहे. तपासणीसाठी नौका उचलणे गरजेचे आहे का?

आहे. बोल्टने जोडलेल्या कीलच्या नौकेत पाणी येत नाही हा दिलासा खोटा असू शकतो. मे 2014 मध्ये 'चीकी राफिकी' ही 40 फुटी नौका उत्तर अटलांटिकमध्ये कील सुटून उलटली आणि चौघे जण गेले. वाचलेले कोणी नसल्याने ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेला कारण ठामपणे सांगता आले नाही, पण आधीची ग्राउंडिंग (तळ जमिनीला लागणे) आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या यांनी कीलचा जोड आणि आतली चौकट कमजोर झाली असावी, असे तिच्या अहवालात आहे. आतली चौकट तळाला जिथे चिकटवलेली असते, तो जोड सुटला तरी बाहेरून काहीच दिसत नाही.

धक्का बसतो तेव्हा कीलचे खालचे टोक मागे ढकलले जाते. त्यामुळे कीलच्या मागच्या टोकाशी तळ वर दाबला जातो आणि पुढचे बोल्ट ताणले जातात. बघायच्या जागा याच दोन.

पाण्यावर असतानाच फळ्या काढून बिल्ज (नौकेच्या आतला सर्वांत खालचा भाग) कोरडा करा आणि बोल्टांभोवती व चौकटीच्या कडेने खडूची पूड भुरभुरवा. एक रात्र थांबा. ओलसर काळपट रेघ उमटली तर पाणी त्या जागेतून येते आहे. मग चौकटीच्या कडेने बॅटरीचा उजेड तिरपा पाडत केसासारखी भेग किंवा पांढरे पडलेले फायबर शोधा. पातळ सुरीचे पाते कडेखाली शिरले तर जोड सुटला आहे. दारे अचानक अडू लागली असतील किंवा श्राउड सैल झाले असतील तर तेही त्याच दिशेने बोट दाखवतात.

यार्डात पट्ट्यांवर लटकत असताना कील आणि तळ यांच्यातली फट पुढच्या टोकाशी फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) मोजा. कील जमिनीवर टेकवल्यावर त्याच खुणेवर पुन्हा मोजा. फट उघडते आणि मिटते आहे तर बोल्ट काढून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये. नट दिलेल्या टॉर्कपेक्षा बऱ्याच कमी जोरावर फिरत असेल तर तो आवळून मोकळे होऊ नका, तो सैल का झाला ते आधी शोधा. स्टेनलेसचा बोल्ट वर चकचकीत असतो आणि जोडाच्या जागी, जिथे ओल आहे पण हवा नाही, तिथे खाल्ला गेलेला असतो. एक बोल्ट तरी बाहेर काढून पाहणे हाच पक्का उपाय.

सर्व्हेयर स्वतंत्र घ्या, यार्डाचा नको. विमा कंपनीला उचलण्यापूर्वी कळवा. दुरुस्ती झाल्यावर कळवले तर दावा अडतो.

प्रश्न : मोठे भाग परदेशातून मागवायचे आहेत आणि यार्डाशी करार करायचा आहे. कोणत्या चुका टाळाव्यात?

इंजिनच्या नंबर प्लेटचा फोटो, भागाचा पार्ट नंबर आणि जुन्या भागाचा मापपट्टीसह फोटो, या तिन्हींशिवाय ऑर्डर देऊ नका. एकाच मॉडेलच्या इंजिनांत सीरियल नंबरनुसार पंप बदलतात. शाफ्टचा व्यास व्हर्नियरने तीन ठिकाणी मोजा, कारण 25 मिलिमीटर आणि एक इंच यांत 0.4 मिलिमीटरचा फरक आहे आणि बेअरिंगला तो चालत नाही. गास्केट, सील आणि बोल्ट त्याच पार्सलमध्ये मागवा. आठ आण्याच्या सीलपायी महिना गेला, असे होऊ देऊ नका.

परदेशी नोंदणीच्या नौकेसाठी आलेल्या सुट्या भागांवर अनेक देशांत आयातकर लागत नाही. त्यासाठी पार्सलवर आणि बिलावर नौकेचे नाव, नोंदणी क्रमांक आणि ती तात्पुरती आलेली असल्याचा उल्लेख लागतो. नौकेच्या प्रवेशाच्या कागदाची प्रतही बरोबर लागते. माल पाठवण्याआधीच स्थानिक एजंटकडून नेमके शब्द लिहून घ्या. रेझिन, कॅटॅलिस्ट, रंग हे धोकादायक माल म्हणून विमानाने सहजी जात नाहीत, ते शक्यतो तिथेच विकत घ्या. सुट्या पाठवलेल्या लिथियम बॅटऱ्या मालवाहू विमानाने जाताना 30 टक्क्यांहून अधिक चार्ज चालत नाहीत.

करारात कामे सुटी-सुटी लिहा : काय काढायचे, कोणते साहित्य, कोणत्या ग्रेडचे. 'स्टेनलेस' एवढे पुरेसे नाही, ग्रेड '316' लिहा, वेल्डिंगला '316 एल'. पैसे टप्प्यांनी द्या आणि शेवटचा हप्ता पाण्यात उतरवून चाचणी झाल्यावर. जुने भाग परत मागा. वादाच्या वेळी तेच साक्षीदार असतात. यार्डात रोज सकाळी जा. शंका असलेली जागा झाकली जाण्याआधीच फोटो काढता आला पाहिजे.

वेळेचा हिशोब उलटा करा. अटलांटिकचा हरिकेनचा काळ 1 जून ते 30 नोव्हेंबर, दक्षिण प्रशांतात चक्रीवादळांचा साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. निघण्याच्या शेवटच्या दिवसापासून मागे मोजत भाग येण्याचे आठवडे वजा करा. उत्तर शून्याजवळ आले तर हंगाम यार्डातच काढायचे आताच ठरवा. नौका नीट टेकू देऊन साखळ्यांनी जमिनीशी बांधा, शिडे उतरवा, आणि विम्यात त्या जागेला त्या महिन्यांत संरक्षण आहे का ते वाचा.

प्रश्न : यार्डात इंजिन उतरवून पुन्हा बसवले. आता गिअर टाकला की नौका थरथरते. अलाइनमेंट (इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आणणे) केल्याचे यार्ड सांगते.

केले असेल, पण जमिनीवर. टेकूंवरच्या नौकेचा आकार पाण्यावरच्यापेक्षा किंचित वेगळा असतो. पाण्यात उतरवून किमान 24 तास गेल्यावर, टाक्या नेहमीइतक्या भरून आणि स्टे ताणलेले असताना पुन्हा करून घ्या. कपलिंगचे (इंजिन आणि शाफ्ट यांच्या जोडाचे) बोल्ट काढा, दोन्ही फ्लँज (जोडाच्या चकत्या) जेमतेम टेकवा आणि वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फीलर गेज घाला. 100 मिलिमीटरच्या फ्लँजला चारही ठिकाणचा फरक 0.1 मिलिमीटरच्या आत हवा. शाफ्ट पाव फेरा फिरवून तेच पुन्हा मोजा. सर्वांत मोठी फट शाफ्टबरोबर फिरत असेल तर दोष इंजिनच्या पायांत नाही, शाफ्ट किंवा फ्लँज वाकलेला आहे आणि तो लेथवर न्यावा लागेल.